आधी बिल्ड नंबर बघा: कुबरनेटिसवर विंडोज कंटेनर

डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ वर लिहिलेलं, आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरवर चालणारं, एसक्यूएल सर्व्हरशी विंडोज खात्यानेच बोलणारं एखादं जुनं अ‍ॅप. त्यात कुणीतरी कधीकाळी एक कॉम डीएलएल घुसवून ठेवलेली, आणि तिचा सोर्स आता कुणाकडेच नाही. बाकी सगळा पसारा कुबरनेटिसवर (अनेक मशीनच्या क्लस्टरवर कंटेनर चालवणारी यंत्रणा) गेलाय, हे एकटं व्हर्च्युअल मशीनवर उरलंय. विंडोज कंटेनरचा, म्हणजे अ‍ॅप त्याच्या सगळ्या फाइलींसकट बंद डब्यात चालवण्याचा, विषय बहुतेक ठिकाणी याच वाटेने निघतो.

टाळता येत असेल तर टाळा, हे आधी सांगून टाकतो. अ‍ॅप नव्या डॉटनेटवर नेता येत असेल तर ते न्या आणि लिनक्स कंटेनरमध्ये चालवा. इमेज (ज्यापासून कंटेनर सुरू होतो तो साचा) लहान, सुरुवात झटपट, आणि जगातलं जवळजवळ प्रत्येक हेल्म चार्ट तुमच्या बाजूने. वेब फॉर्म्स, डब्ल्यूसीएफचा सर्व्हर भाग, रजिस्ट्रीला चिकटलेली लायब्ररी असलं काही सुटतच नसेल, तर मात्र विंडोज नोड, म्हणजे क्लस्टरमधलं विंडोजचं मशीन, आलाच.

विंडोज नोडला कुबरनेटिसने १.१४ या आवृत्तीत, मार्च २०१९ मध्ये, अधिकृत पाठिंबा दिला. पण विंडोज मशीन क्लस्टरमध्ये फक्त वर्कर होऊ शकतं. क्लस्टरचा कारभार बघणारे भाग, म्हणजे एपीआय सर्व्हर, शेड्युलर, एटसीडी, हे सगळं लिनक्सवरच. म्हणजे तुमचा क्लस्टर कायम मिश्र राहणार, आणि निम्म्या कटकटी या मिश्रपणातूनच येतात.

२०३४८ आणि १७७६३

लिनक्समध्ये उबुंटूच्या होस्टवर अल्पाइनची इमेज निवांत चालते, कारण कर्नलचा सिस्टिम कॉलचा करार वर्षानुवर्षं तोच आहे. विंडोजमध्ये तसा करार नाही. कंटेनरमधल्या डीएलएल आणि होस्टचा कर्नल एकमेकांना ओळखीचे असावे लागतात. म्हणून इमेजचा बिल्ड नंबर आणि नोडचा बिल्ड नंबर जुळायला हवा. विंडोज सर्व्हर २०१९ चा नंबर १०.०.१७७६३, २०२२ चा १०.०.२०३४८, २०२५ चा १०.०.२६१००. पहिले तीन भाग जुळले पाहिजेत. चौथा भाग दर महिन्याच्या पॅचगणिक बदलतो, तो तंतोतंत जुळण्याची गरज २०१६ नंतर राहिली नाही.

जुळलं नाही की इव्हेंटमध्ये दिसतं, ‘कंटेनरची ऑपरेटिंग सिस्टिम होस्टच्या ऑपरेटिंग सिस्टिमशी जुळत नाही’ अशा अर्थाचं वाक्य. किंवा त्याही आधी, इमेज ओढतानाच, या प्लॅटफॉर्मसाठी मॅनिफेस्टमध्ये (इमेजच्या आवृत्त्यांची यादी) काही सापडलं नाही म्हणून पॉड (कुबरनेटिस एकत्र चालवतो ते एक किंवा अधिक कंटेनर) इमेजपुलबॅकऑफमध्ये, म्हणजे इमेज न मिळाल्याच्या अवस्थेत, जातो.

आता गंमत अशी, की डेव्हलपरच्या विंडोज ११ लॅपटॉपवर तीच इमेज बिनबोभाट चालते. लॅपटॉपवर डॉकर डीफॉल्टने हायपर-व्ही आयसोलेशन वापरतो, म्हणजे प्रत्येक कंटेनरला स्वतःचा छोटा कर्नल मिळतो आणि नंबराचं भांडण झाकलं जातं. कुबरनेटिसमध्ये फक्त प्रोसेस आयसोलेशन. त्यामुळे ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य इथे पुरावा म्हणून धरू नका. लॅपटॉपवर तपासायचं तर डॉकर रनला आयसोलेशन प्रोसेस असं बजावून चालवा. पण त्याने इमेज लॅपटॉपच्या बिल्डशी जुळते का एवढंच कळेल, खरी परीक्षा नोडवरच.

म्हणून डॉकरफाइलच्या पहिल्या ओळीत लेटेस्ट असं मोघम काही नको. मायक्रोसॉफ्टच्या रजिस्ट्रीतली एएसपी डॉटनेटची इमेज घेतली तर तिच्या टॅगमध्ये ४.८, विंडोजसर्व्हरकोअर आणि एलटीएससी२०२२ हे तिन्ही तुकडे दिसायला हवेत. आणि पॉडच्या नोड सिलेक्टरमध्ये (पॉड कोणत्या लेबलच्या नोडवर जावा ते सांगणारं फील्ड) फक्त ‘ओएस विंडोज’ एवढं लिहून थांबू नका. नोडवर क्युबलेट (तिथला कुबरनेटिसचा एजंट) स्वतःहून विंडोज-बिल्ड नावाचं लेबल लावतो, त्यात १०.०.२०३४८ असा नंबर असतो. तेही सिलेक्टरमध्ये घाला. आज क्लस्टरमध्ये एकाच आवृत्तीचे नोड असतील, पण पुढच्या वर्षी कुणीतरी २०२५ चा नोड जोडणार आणि त्या दिवशी तुमचा पॉड नेमका तिकडेच जाऊन बसणार.

दोन्ही आवृत्त्यांच्या इमेज एकाच टॅगखाली ठेवता येतात. पण मॅनिफेस्ट यादी हाताने बनवत असाल तर प्रत्येक नोंदीत ओएस-व्हर्जन भरलंय ना, ते तपासा. ते रिकामं राहिलं तर कंटेनर-डी (नोडवर कंटेनर चालवणारा प्रोग्राम) कुठली इमेज उचलेल याचा भरवसा नाही. २०१९ च्या नोडवर २०२२ ची उचलली की पुन्हा तेच वरचं वाक्य.

पॉड कुठे बसतो

मिश्र क्लस्टरमध्ये विंडोज नोड जोडल्याबरोबर पहिला फटका बसतो तो लिनक्सच्या पॉडना. ज्या डिप्लॉयमेंटमध्ये नोड सिलेक्टर नाही, आणि बहुतेकांमध्ये तो नसतोच, ते पॉड विंडोज नोडवर जायला मोकळे. लॉग गोळा करणारे आणि मॉनिटरिंगचे डेमनसेट (प्रत्येक नोडवर एकेक पॉड चालवणारी रचना) तर हटकून जातात. मग ते तिथे कंटेनर क्रिएटिंगमध्ये लटकत राहतात आणि अलर्ट वाजत बसतो.

दोनशे यॅमल फाइलींत सिलेक्टर घालत बसण्यापेक्षा विंडोज नोडलाच टेंट (पॉडना दूर ठेवणारी खूण) लावा: की ओएस, व्हॅल्यू विंडोज, परिणाम नोशेड्यूल. मग फक्त विंडोजच्या पॉडना टॉलरेशन (ती खूण असूनही तिथे बसायची मुभा) द्यायचं. तेही दरवेळी लिहायचा कंटाळा असेल तर एक रनटाइमक्लास बनवा, त्यात सिलेक्टर, बिल्ड नंबर आणि टॉलरेशन एकदाच लिहून ठेवा आणि पॉडमध्ये फक्त त्याचं नाव द्या. नवी विंडोज आवृत्ती आली की नवा रनटाइमक्लास. मात्र जे डेमनसेट सगळेच टेंट सहन करतात, त्यांना हा टेंट अडवत नाही. त्यांच्यात लिनक्सचा सिलेक्टर घालावाच लागतो.

पॉडच्या स्पेकमध्ये ओएस डॉट नेम हे फील्डही आहे, १.२५ पासून स्थिर. ते भरलं की पॉड बरोबर नोडवर जाईल असा समज होतो, तसं होत नाही. शेड्युलर त्याकडे बघतसुद्धा नाही. पण भरा जरूर, दोन कारणांसाठी. एक म्हणजे लिनक्सचीच फील्ड, उदाहरणार्थ रनअ‍ॅजयुजर किंवा एसईलिनक्सचे पर्याय, चुकून राहिली असतील तर एपीआय सर्व्हर तिथल्या तिथे नकार देतो. अर्ध्या रात्री क्युबलेटच्या लॉगमध्ये शोधत बसण्यापेक्षा हे बरं. दुसरं, नेमस्पेसवर पॉड सिक्युरिटीचं रिस्ट्रिक्टेड धोरण असेल तर सेककॉम्प आणि केपेबिलिटीच्या लिनक्सी अटी विंडोज पॉडला माफ होतात, पण हे फील्ड भरलेलं असेल तरच.

विंडोजमध्ये आकडी यूजर आयडी नाहीत. सर्व्हर कोअरची इमेज डीफॉल्टने कंटेनर-अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालते, नॅनो सर्व्हरची कंटेनर-युजर म्हणून. बदलायचं तर विंडोज-ऑप्शन्समधलं रनअ‍ॅजयुजरनेम. रनअ‍ॅजनॉनरूट लावलं तर कंटेनर-अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला अडवलं जातं.

प्रिव्हिलेज्ड कंटेनर (होस्टवर पूर्ण अधिकार असलेला) विंडोजवर नाही. त्याच्या जागी होस्टप्रोसेस कंटेनर, १.२६ पासून स्थिर. तो थेट होस्टवर, होस्टच्या नेटवर्कमध्ये चालतो, म्हणून होस्टनेटवर्क ट्रू लिहावंच लागतं. क्युब-प्रॉक्सी (सर्व्हिसकडे आलेली वाहतूक पॉडकडे वळवणारा), सीएनआयचा (पॉडच्या नेटवर्कचं प्लगइन) एजंट, मॉनिटरिंगचे एजंट यांच्यासाठी तो बनलाय. तुमच्या अ‍ॅपसाठी नाही.

यॅमलबद्दल एक बारकी गोष्ट, पण वेळ खाते. सी कोलन बॅकस्लॅश टेम्प हा पाथ दुहेरी अवतरणात लिहिला तर बॅकस्लॅशनंतरचा टी टॅब होऊन बसतो आणि अ‍ॅपला ‘एम्प’ नावाचं काहीतरी भलतंच मिळतं. एकेरी अवतरण वापरा किंवा बॅकस्लॅश दोनदा लिहा. डॉकरफाइलमध्येही बॅकस्लॅश हेच ओळ तोडण्याचं चिन्ह असतं, म्हणून सगळ्यात वर एस्केप डिरेक्टिव्ह देऊन ते काम बॅकटिककडे सोपवायची पद्धत आहे.

जड इमेज

सर्व्हर कोअरची मूळ इमेज डाउनलोडला दोन जीबीच्या आसपास, डिस्कवर उघडली की चार-पाच जीबी. त्यावर डॉटनेट, त्यावर आयआयएस, त्यावर तुमचं अ‍ॅप. नॅनो सर्व्हर उघडल्यावरही तीनशे एमबीच्या आत राहतो, पण त्यात डॉटनेट फ्रेमवर्क चालत नाही, पॉवरशेल नाही, ३२-बिटचा आधार नाही. जुन्या अ‍ॅपला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

नवा नोड उभा राहिला की पहिला पॉड सुरू व्हायला दहा-पंधरा मिनिटं सहज जाऊ शकतात. डिप्लॉयमेंटची प्रोग्रेस डेडलाइन डीफॉल्टने ६०० सेकंद आहे. इमेज अजून उघडतेय आणि पाइपलाइन ‘रोलआउट फसलं’ म्हणून लाल होते. ती १८०० करा. ऑटोस्केलरवर विसंबून ऐन गर्दीच्या वेळी विंडोज नोड वाढवण्याचं स्वप्न बघू नका. एखादा नोड मोकळा ठेवा, आणि मूळ इमेज आधीच ओढून ठेवणारा एक डेमनसेट चालवा. नोडच्या डिस्कमध्ये कंजूषपणा नको, १०० जीबी ही मला किमान वाटते.

डिफेंडर चालू असेल तर कंटेनर-डीची रूट आणि स्टेट फोल्डरं त्याच्या तपासणीतून वगळा. एरवी इमेजचा प्रत्येक थर उघडताना प्रत्येक फाइल तपासली जाते आणि सीपीयू तिथेच खर्ची पडतो.

पॅचचं म्हणाल तर कंटेनरमध्ये विंडोज अपडेट चालवायचं नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट पॅच काढतं, त्याच सुमारास मूळ इमेजही नव्याने येतात. त्यावर तुमची इमेज पुन्हा बांधा. नोडसुद्धा जागेवर पॅच करत बसण्यापेक्षा नवा उभा करा, जुना ड्रेन करून काढून टाका. इमेजचा पॅच आणि नोडचा पॅच फार महिने लांब पडू देऊ नका. फेब्रुवारी २०२० च्या सुरक्षा अपडेटनंतर होस्ट एका पॅचवर आणि कंटेनर दुसऱ्यावर असेल तर कंटेनरमधली ३२-बिट अ‍ॅप बंद पडत होती, बिल्ड नंबर जुळत असूनही.

मेमरी: इथे कुणी मारायला येत नाही

लिनक्सवर मर्यादा ओलांडली की ओओएम किलर येतो, पॉडवर ओओएमकिल्ड असा शिक्का बसतो आणि तुम्हाला कारण कळतं. विंडोजमध्ये ओओएम किलर नाही. पेजफाइल सक्तीची आहे आणि मेमरी कमी पडली की विंडोज डिस्कवर पानं टाकायला लागतं. नोडवर जास्त पॉड कोंबले तर कुणी मरत नाही, सगळेच रांगायला लागतात. क्युबलेटही रांगतो, त्याचा हार्टबीट चुकतो, नोड नॉटरेडी होतो, आणि मग सगळे पॉड एकदम दुसऱ्या नोडवर जातात. तिथे ये रे माझ्या मागल्या.

एका कंटेनरची मर्यादा विंडोजच्या जॉब ऑब्जेक्टवर लागते. ती गाठली की नव्या मेमरीची मागणी नाकारली जाते, डॉटनेटमध्ये आउटऑफमेमरी एक्सेप्शन उडतं. आयआयएसचं असं, की वर्कर प्रोसेस पडली तर आयआयएस ती पुन्हा उभी करतं. कंटेनरची मुख्य प्रोसेस शाबूत, पॉडचा रिस्टार्ट काउंट शून्य, आणि वापरणाऱ्यांना अधूनमधून ५०३. कुबरनेटिसच्या नजरेला सगळं आलबेल. म्हणून लाइव्हनेस प्रोबने, म्हणजे पॉड जिवंत आहे का बघणाऱ्या तपासणीने, अ‍ॅपच्या एखाद्या खऱ्या पानाला हात लावला पाहिजे, नुसता ८० नंबरचा पोर्ट उघडा आहे एवढ्यावर समाधान मानू नका.

तो प्रोब एचटीटीपीचाच ठेवा. एक्झेक प्रोबमध्ये पॉवरशेल घातला की दर दहा सेकंदांनी एक पॉवरशेल सुरू होतो आणि मरतो. वीस पॉड असतील तर नोडचा सीपीयू निव्वळ नाडी बघण्यातच संपेल.

नोडवर विंडोजसाठी आणि क्युबलेटसाठी निदान २ जीबी राखून ठेवा, क्युबलेटच्या क्युब-रिझर्व्ह्ड आणि सिस्टिम-रिझर्व्ह्ड या पर्यायांनी. विंडोजवर हे आकडे फक्त शेड्युलरच्या हिशेबातून वजा होतात, प्रत्यक्षात कुणाला अडवत नाहीत. म्हणून त्याबरोबर क्युबलेटची विंडोज-प्रायॉरिटी-क्लासही अबव्ह नॉर्मल करा, म्हणजे गर्दीत त्याला श्वास घ्यायला जागा राहील. प्रत्येक पॉडला मेमरीची रिक्वेस्ट आणि लिमिट दोन्ही द्या, आणि दोन्ही सारखेच ठेवा. ओव्हरकमिट विंडोज नोडवर करायचंच नाही. आयआयएसवाल्या अ‍ॅपला मी १ जीबीपासून सुरुवात करून मग मोजून वरखाली करायला सांगेन. प्रत्येक विंडोज कंटेनरमध्ये स्वतःच्या सर्व्हिसेस, एलसॅस, एसव्हीसीहोस्ट हा सगळा संसार असतो, तो पकडून.

नेटवर्क

विंडोजचं कंटेनर नेटवर्क एचएनएस ही सर्व्हिस सांभाळते, आणि खाली पाकिटं वळवण्याचं काम व्हीएफपी करतं. लिनक्समधलं आयपीटेबल्स (पाकिटांचे नियम) नाही, त्यामुळे लिनक्सवरचं तुमचं शोधकौशल्य इथे कामाला येत नाही.

फ्लॅनेल (पॉडचं नेटवर्क जोडणारं प्लगइन) व्हीएक्सलॅनवर चालवत असाल तर दोन आकडे पाठ करून ठेवा: व्हीएनआय (आभासी नेटवर्कचा क्रमांक) ४०९६ आणि यूडीपी पोर्ट ४७८९. लिनक्सवर फ्लॅनेलचे डीफॉल्ट वेगळे आहेत आणि विंडोजला हेच दोन लागतात. ते कॉन्फिगमॅपमध्ये सगळ्या क्लस्टरसाठी बदलावे लागतात. न बदलता विंडोज नोड जोडला तर नोड रेडी दिसतो, पॉड रनिंग दिसतो, आणि लिनक्सच्या पॉडवरून विंडोजच्या पॉडपर्यंत एक पाकीट पोचत नाही. फायरवॉलमध्येही ४७८९ उघडा, क्युबलेटसाठी १०२५० सुद्धा. कॅलिको असेल तर आयपीआयपी विंडोजवर नाही, व्हीएक्सलॅन किंवा बीजीपी घ्या, आणि आयपॅमची (आयपी पत्ते वाटणारा भाग) स्ट्रिक्ट अ‍ॅफिनिटी चालू करा.

एचएनएसचं पहिलं नेटवर्क तयार होताना नोडचं नेटवर्क काही क्षण तुटतं, रिमोट डेस्कटॉप गळतो. घाबरून रीस्टार्ट मारू नका, थांबा.

पॉडमध्ये शिरून पिंग मारून बघायची सवय मोडा. बाहेरच्या पत्त्यावर पिंग जात नाही, कारण व्हीएफपी आयसीएमपीची पाकिटं बदलून पुढे धाडत नाही. टीसीपी व्यवस्थित चाललेलं असतं. टेस्ट-नेटकनेक्शन पोर्ट देऊन वापरा, किंवा कर्ल. तसंच नोडपोर्टवरची सर्व्हिस त्याच विंडोज नोडवरून तपासली तर लागत नाही असा अनुभव येऊ शकतो. दुसऱ्या मशीनवरून तपासा.

डीएनएस मात्र जरा नीट समजून घ्यावं लागतं. लिनक्स पॉडमध्ये तीन-चार सर्च डोमेन असतात, म्हणून सर्व्हिसचं नाव, टिंब, नेमस्पेस एवढं लिहिलं तरी काम होतं. विंडोज पॉडला एकच सफिक्स मिळतो, त्याच्या स्वतःच्या नेमस्पेसचा. समजा पॉड ‘विक्री’ नेमस्पेसमध्ये आहे आणि ‘साठा’ नावाची सर्व्हिस तिथेच आहे, तर नुसतं ‘साठा’ चालेल. पूर्ण नाव, म्हणजे साठा, विक्री, एसव्हीसी, क्लस्टर, लोकल हे सगळं टिंबांनी जोडलेलं, तेही चालेल. पण मधलं अर्धवट ‘साठा टिंब विक्री’ सापडणार नाही. (खऱ्या क्लस्टरमध्ये नावं इंग्रजी अक्षरांतच लागतात, हे उदाहरणापुरतं.) लिनक्स टीमने दिलेल्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये हटकून हाच अर्धवट प्रकार असतो. सगळीकडे पूर्ण नाव लिहा, विषय संपला. तपासायला एनएसलुकअपपेक्षा रिझॉल्व्ह-डीएनएसनेम वापरा, ते अ‍ॅपसारखंच विंडोजच्या रिझॉल्व्हरमधून जातं.

सर्व्हिसेस शेकड्यांनी असतील आणि क्युब-प्रॉक्सीच्या लॉगमध्ये पोर्टवरून तक्रारी दिसायला लागल्या, तर पोर्ट संपत आलेत. विंडोजची डायनॅमिक रेंज ४९१५२ ते ६५५३५, म्हणजे एकूण १६३८४, आणि लोड बॅलन्सरचे नियम त्यातूनच गठ्ठ्याने पोर्ट अडवतात. क्युब-प्रॉक्सीमध्ये डीएसआर (उत्तर लोड बॅलन्सरला वगळून थेट परत पाठवणं) चालू केल्यावर हा ताण बराच हलका होतो.

विंडोज लॉगिन कंटेनरमधून

कनेक्शन स्ट्रिंगमध्ये इंटिग्रेटेड सिक्युरिटी असलेली अ‍ॅप इथेच अडतात. कंटेनर स्वतः डोमेनमध्ये सामील होऊ शकत नाही. त्याला ओळख द्यायची ती जीएमएसए खात्याची, म्हणजे ज्याचा पासवर्ड अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी स्वतः बदलत राहते असं खातं. कुबरनेटिसमध्ये ही सोय १.१८ पासून स्थिर.

क्रम असा. डोमेनमध्ये केडीएस रूट की (जिच्यातून असे पासवर्ड तयार होतात) नसेल तर ती बनवा. बनवल्यावर ती वापरात यायला १० तास लागतात, तेव्हा हे काम आदल्या दिवशी उरका. जीएमएसए खातं तयार करा, नाव १५ अक्षरांच्या आत. विंडोज नोड डोमेनमध्ये सामील करा आणि त्यांच्या गटाला या खात्याचा पासवर्ड वाचायची परवानगी द्या. क्रेडेन्शियल-स्पेक नावाच्या पॉवरशेल मॉड्यूलने जेसन फाइल काढा, ती जीएमएसए-क्रेडेन्शियल-स्पेक या कस्टम रिसोर्समध्ये भरा. त्यात पासवर्ड नसतो, फक्त ओळख असते. मग क्लस्टररोलमध्ये त्या रिसोर्सवर ‘यूज’ हा व्हर्ब द्या, रोलबाइंडिंगने पॉडच्या सर्व्हिस अकाउंटला तो जोडा, आणि पॉडच्या विंडोज-ऑप्शन्समध्ये स्पेकचं नाव लिहा. यासाठीचा अ‍ॅडमिशन वेबहुक आधी बसवलेला असला पाहिजे.

तपासणी पॉडच्या आतून. एनएलटेस्ट पॅरेंटडोमेन चालवा. स्टेटस १७२२ आलं तर खात्याच्या आधी डीएनएस तपासा, पॉडला डोमेन कंट्रोलरचं नावच सापडत नसेल. कोअरडीएनएसमध्ये (क्लस्टरचा डीएनएस) तुमच्या डोमेनसाठी फॉरवर्डची ओळ घालायची राहिली असू शकते. डोमेन मिळतंय पण एसक्यूएल सर्व्हर नाकारतोय, तर आयआयएसचा अ‍ॅप पूल कोणत्या खात्याने चालतोय ते बघा. नेटवर्क सर्व्हिस किंवा लोकल सिस्टिम असेल तरच जीएमएसएचा मुखवटा नेटवर्कवर चढतो.

लॉग, सिक्रेट आणि शेवटचे पाच सेकंद

आयआयएस एसटीडीआउटवर काही लिहीत नाही. त्याचे लॉग आयनेटपबच्या फोल्डरमध्ये साचतात, क्युबेक्टल लॉग्ज कोरं. कंटेनरची लिहिण्याची जागा डीफॉल्टने २० जीबी, आणि ती गुपचूप भरत राहते. मायक्रोसॉफ्टचं लॉगमॉनिटर हे साधन इव्हेंट लॉग, ईटीडब्ल्यू (विंडोजचं इव्हेंट ट्रेसिंग) आणि फाइली वाचून एसटीडीआउटवर टाकतं. एंट्रीपॉइंटमध्ये लॉगमॉनिटर आधी, मग सर्व्हिसमॉनिटर (सर्व्हिसवर लक्ष ठेवणारं साधन), मग डब्ल्यू३एसव्हीसी (आयआयएसची सर्व्हिस). आयआयएसच्या लॉगचं लक्ष्य ‘फाइल’ऐवजी ईटीडब्ल्यू केलं की डिस्कही वाचते.

सर्व्हिसमॉनिटरची एक खोड माहीत असू द्या. कंटेनरचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तो डीफॉल्टअ‍ॅपपूललाच पोचवतो. तुमची साइट वेगळ्या नावाच्या पूलमध्ये असेल तर पॉडच्या स्पेकमध्ये व्हेरिएबल दिसतो, एक्झेक करून पाहिलं तरी दिसतो, आणि अ‍ॅपला मात्र तो दिसत नाही. सोपा उपाय, डीफॉल्टअ‍ॅपपूलच वापरा.

सिक्रेट लिनक्सवर मेमरीतल्या फाइलसिस्टिममध्ये राहतात. विंडोजवर ते नोडच्या डिस्कवर साध्या अक्षरांत लिहिले जातात, म्हणून नोडवर बिटलॉकर लावा. एम्प्टीडिरचा मेमरी प्रकार नाही, एनएफएस नाही. सामायिक फाइली हव्या असतील तर एसएमबीचा सीएसआय ड्रायव्हर.

पॉड बंद होताना लिनक्ससारखा सिगटर्म (बंद हो असा संकेत) येत नाही, कंट्रोल-शटडाउन इव्हेंट येतो, आणि त्यानंतर कंटेनरमधलं विंडोज डीफॉल्टने ५ सेकंद थांबतं. टर्मिनेशनचा ग्रेस पिरियड ६० लिहिला तरी आतला हिशेब ५ चाच. तो इमेजमध्येच, रजिस्ट्रीतल्या वेट-टू-किल-सर्व्हिस-टाइमआउट या व्हॅल्यूने वाढवायचा, मिलिसेकंदांत, म्हणजे ६० सेकंदांना ६००००. याशिवाय प्रीस्टॉपमध्ये दहा-पंधरा सेकंदांची झोप द्या, म्हणजे एंडपॉइंट यादीतून नाव निघेपर्यंत येणाऱ्या रिक्वेस्ट पडणार नाहीत. त्यासाठी टाइमआउट ही विंडोजची कमांड लिहू नका, इनपुट नसेल तर ती लगेच एरर देऊन बाहेर पडते. क्युबलेटची स्वतःची स्लीप कृती १.३० पासून डीफॉल्टने चालू आहे, ती घ्या.

पॉड उठून लगेच पडत असेल तर एक्झिट कोड वाचा. तो मोठा उणे आकडा असतो, पण निरर्थक नाही. उणे १०७३७४१५१५ म्हणजे एखादी डीएलएल सापडली नाही. जुनी सी++ लायब्ररी असलेल्या अ‍ॅपमध्ये व्हिज्युअल सी++ चं रनटाइम इमेजमध्ये घालायचं राहिलेलं असतं. उणे १०७३७४१८१९ म्हणजे मेमरीत चुकीच्या जागी हात घातला, कॉम डीएलएल तपासा. उणे १०७३७४१५१० म्हणजे बाहेरून बंद केलं, अ‍ॅपचा दोष नाही.

आणि आपल्याकडच्या अ‍ॅपना लागणाऱ्या दोन गोष्टी. कंटेनरचा टाइमझोन होस्टसारखा असतो आणि क्लाउडमधले नोड यूटीसीवर. डेटटाइम नाऊ वापरणारं अ‍ॅप पावतीवर साडेपाच तास मागची वेळ छापेल, आणि पहाटे साडेपाचच्या आधीच्या नोंदी आदल्या तारखेला जातील. नोड तयार करतानाच टीझेडयुटिलने इंडिया स्टँडर्ड टाइम लावून टाका. दुसरं, सर्व्हर कोअरच्या इमेजमध्ये फॉन्ट नावालाच आहेत. व्हर्च्युअल मशीनवर मराठी पीडीएफ नीट निघत होती, कंटेनरमध्ये नावांच्या जागी चौकोन. निर्मला किंवा मंगल तिथे नाही. नोटो सॅन्स देवनागरी मुक्त परवान्याचा आहे, तो अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये ठेवून प्रायव्हेट-फॉन्ट-कलेक्शनने उचला. मग ‘क्ष’, ‘र्‍या’ आणि ‘ट्र’ असलेलं एखादं नाव छापून बघा. हे तिन्ही नीट जुळले की बाकीची जोडाक्षरं सहसा त्रास देत नाहीत.